तलविन्यासाचे माप कोणी घेतले?

कार्ल्याचे चैत्यगृह किती लांब आहे? जेम्स फर्ग्युसन याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात उत्तर आहे १२६ फूट. त्याचा सहकारी जेम्स बर्जेस याचे माप १२४ फूट ३ इंच. लेणे अखंड खडकात कोरलेले. मधल्या काळात ते आखडले असेल असे म्हणायची सोय नाही. मग आपण फळ्यावर कोणता आकडा लिहायचा?

‘पुस्तकातली आकृतीच पट्टीने मोजू,’ असे एखादा विद्यार्थी सुचवील. मोजून पाहू. फर्ग्युसनच्या ग्रंथात हा तलविन्यास एका इंचाला ५० फूट या प्रमाणात आहे. म्हणजे १२६ फूट कागदावर २.५२ इंच होतात आणि १२४ फूट ३ इंच हे २.४८५ इंच. फरक ०.०३५ इंचाचा, एक मिलिमीटरसुद्धा नाही. छापील रेघेची जाडी आणि दमट हवेने ताणलेला कागद यांतच तो बुडून जातो. वादाचा निकाल आकृतीतून लागत नाही. टेप कुठे धरली आणि कुठवर नेली, हे शब्दांत लिहिलेले असावे लागते.

तरीही फर्ग्युसनचे ऋण मानले पाहिजे. हा मूळचा कलकत्त्याचा निळीचा व्यापारी. निरनिराळ्या इमारतींचे तलविन्यास ठरावीक प्रमाणात छापण्याचा त्याचा आग्रह होता. त्यामुळेच कार्ल्याचा मंडप नॉरविचच्या कॅथीड्रलशेजारी ठेवून पाहता येतो, आणि ही तुलना त्याने केलीही. प्रत्येक आकृती पानात मावेल तेवढी करणाऱ्या आजच्या कित्येक कोशांत देवळी आणि देऊळ सारखेच दिसतात!

शब्दांत लिहिलेल्या प्रमाणाला एक धोका आहे. हेच पान ७० टक्के आकाराने झेरॉक्स केले, तरी खाली ‘१ इंच = ५० फूट’ तसेच राहते. पट्टी लावणाऱ्याला १२४ फुटांचा मंडप ८७ फुटांचा मिळतो. आकृतीखाली प्रमाणपट्टी काढलेली असेल, तर तीही आकृतीबरोबर लहान होते आणि उत्तर बिघडत नाही. नकाशा शिकवताना ही गोष्ट जरूर करून दाखवावी.

आता मीटरचे पाहा. बर्जेसची मापे १२४ फूट ३ इंच लांबी, ४५ फूट ६ इंच रुंदी आणि सुमारे ४६ फूट उंची अशी आहेत. त्यांचे रूपांतर ३७.८७, १३.८७ आणि १४.०२ मीटर होते. एखाद्या पुस्तकात नेमके हे आकडे दिसले, तर तिथे नव्याने टेप लावलेली नाही, जुनेच माप नवे कपडे घालून आले आहे, असा संशय घ्यायला हरकत नाही. ‘सुमारे ४६ फूट’ या नम्र विधानाचे ‘१४.०२ मीटर’ झाले, की सेंटिमीटरपर्यंतची अचूकता फुकट मिळते. ती खरी नसते.

कार्ले निदान पुन्हा मोजता येते. आमच्या तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठावर कौंडण्यपूर आहे. तिथल्या उत्खननाचा डॉ. मोरेश्वर दीक्षित यांचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. उत्खननात वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही, आणि काढलेला थर परत मांडता येत नाही. तिथल्या भिंतींचा आणि जमिनींचा साक्षीदार म्हणजे खोदताना काढलेला नकाशा. त्याची नक्कल करताना प्रमाणपट्टी किंवा उत्तरदिशेचा बाण गळला, तर त्या नकलेवरून खोलीची लांबी आणि दाराची दिशा कोणालाच सांगता येणार नाही.

शाळेत यासाठी एक खोली पुरे. एका गटाने ती आतून मोजावी, दुसऱ्याने बाहेरून. भिंती दीड फुटाच्या असतील, तर आतून २० फूट भरणारी खोली बाहेरून २३ फूट भरेल. दोन्ही आकृत्या शेजारी लावाव्यात आणि प्रत्येकीखाली प्रमाणपट्टी, उत्तरदिशा, मोजणाऱ्यांची नावे, तारीख आणि ‘आतून’ की ‘बाहेरून’ हे लिहून घ्यावे.