लॅपटॉप बॅटरीची निगा

लॅपटॉप बॅटरीची निगा म्हणजे लॅपटॉपमधील बॅटरीची क्षमता अधिक काळ टिकावी, यासाठी चार्जिंग, वापर व साठवण यांत पाळावयाची पथ्ये होत. आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन किंवा त्याच प्रकारातील लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. जपानच्या सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीची झीज अटळ असली, तरी बॅटरी किती भरलेली राहते आणि किती तापते, या दोन बाबींवर झिजेचा वेग बराच अवलंबून असतो.

झिजेची कारणे

चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटच्या विद्युतअग्रात शिरतात आणि वापराच्या वेळी परततात. ग्राफाइटवर तयार होणारा पातळ थर कालांतराने जाड होतो व काही लिथियम त्यात कायमचे अडकते. तेवढी क्षमता घटते. पूर्ण भरलेल्या घटाचे विभवांतर सर्वसाधारणपणे ४.२ व्होल्ट असते. या उच्च विभवांतराला आणि वाढत्या तापमानाला घातक अभिक्रियांचा वेग वाढतो. ४० टक्के भरलेली बॅटरी २५° से. तापमानात वर्षभर ठेवल्यास तिची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. पूर्ण भरलेली बॅटरी ४०° से. तापमानात ठेवल्यास सुमारे ६५ टक्केच उरते.

वापरामुळे होणारी झीज चार्जिंगच्या चक्रांत मोजतात. दोन दिवस प्रत्येकी ५० टक्के बॅटरी वापरली, तर एक चक्र पूर्ण होते.

चार्जिंगच्या सवयी

• दैनंदिन वापरात बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. ती वारंवार शून्यावर आणू नये.
• लॅपटॉप दिवसभर विजेवर चालवायचा असल्यास, सोय असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी.
• गादी वा उशीवर ठेवून लॅपटॉप चार्ज करू नये. हवेची छिद्रे बुजून तो तापतो.
• दीर्घ सुटीत लॅपटॉप सुमारे ५० टक्के चार्ज करून, बंद करून थंड व कोरड्या जागी ठेवावा.
• निर्मात्याने सुचवलेल्या क्षमतेचाच चार्जर वापरावा.

उष्ण प्रदेशातील वापर

अनेक निर्माते लॅपटॉपच्या वापरासाठी ३५° से.पर्यंतचे तापमान योग्य मानतात. विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या ठिकाणी, उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते. टिनाच्या छपराखालील खोली त्याहूनही तापते. भारनियमनाच्या भीतीने बॅटरी सतत १०० टक्के भरून ठेवल्यास उष्णता आणि पूर्ण चार्ज हे दोन्ही घटक एकत्र येतात. अशा वेळी चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा करावे आणि वीज जाण्याची वेळ ठाऊक असल्यास त्याच्या थोडे आधीच बॅटरी पूर्ण भरावी. परीक्षेच्या किंवा ऑनलाइन अर्जाच्या दिवशी १०० टक्के चार्ज करण्यास हरकत नाही; ती रोजची सवय नसावी. लॅपटॉप कूलरच्या ओलसर झोतासमोर ठेवू नये.

गैरसमज

बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी, हा समज निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातील आहे. लिथियम-आयन बॅटरीला तो लागू नाही. चार्जर लावून ठेवल्याने बॅटरी मर्यादेपलीकडे भरत जाते, हेही खरे नाही. नियंत्रक परिपथ चार्जिंग थांबवतो. मात्र बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहते आणि झीज त्यामुळे होते.

सुरक्षितता व विल्हेवाट

बॅटरी फुगल्यास तळाचे झाकण किंवा टचपॅड वर उचलले जाते. अशा लॅपटॉपचा वापर व चार्जिंग ताबडतोब थांबवून तो जाणकाराकडे न्यावा. फुगलेली बॅटरी दाबणे वा टोचणे धोक्याचे असते. त्यामुळे आग लागू शकते. निकामी बॅटरी घरगुती कचऱ्यात टाकू नये. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे.