दाण्यापासून दूर ठेवण्याची वर्षं

घरात ॲलर्जीचा वारसा असेल तर बाळाला गाईचं दूध पहिल्या वाढदिवसानंतर द्या, अंडं दुसऱ्या आणि शेंगदाणा, सुकामेवा, मासे तिसऱ्या वाढदिवसानंतर, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली सांगितलं. शेंगदाण्यापुरता असाच सल्ला ब्रिटनमध्ये १९९८पासून होता. अशा कुटुंबांतल्या गरोदर बायकांनाही तिथे दाणे टाळायला सांगितलं जाई.

आईवडिलांनी हे निष्ठेने पाळलं. तरीही अमेरिकेत फोनवरून केलेल्या पाहण्यांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांचं प्रमाण १९९७मध्ये ०.४ टक्के होतं, ते २००८मध्ये १.४ टक्क्यांवर गेलं.

त्या काळातल्या घरांचा विचार केला की जीव कळवळतो. मुलाचा डबा वेगळा, वाढदिवसाच्या केकची आधी चौकशी, प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची. दप्तरात ॲड्रेनलिनचं पेन. मेरीलँडमधल्या शेल्डन कॅप्लन या अभियंत्याने सैनिकांना विषारी वायूवरचा उतारा टोचण्यासाठी स्प्रिंगवर चालणारं इंजेक्शन तयार केलं होतं. त्याच तंत्रातून हे पेन आलं आणि १९८७मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबलं की औषध आत. कुपी फोडून सिरिंज भरण्यात जाणारा वेळ त्याने वाचवला, आणि घसा सुजून श्वास अडू लागतो तेव्हा तोच वेळ मोलाचा असतो.

सल्ल्याबद्दल शंका आली ती एका व्याख्यानात. लंडनचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांनी इस्रायलमधल्या डॉक्टरांना विचारलं, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? लंडनमध्ये हा प्रश्न केला असता तर जवळपास सगळेच हात वर झाले असते. इथे दोन-तीनच झाले. मग त्यांच्या गटाने लंडनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू शाळकरी मुलांची तुलना केली. २००८मध्ये निष्कर्ष आले: ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७. वंश तोच, फरक दहापटीहून जास्त! इस्रायली बाळं वर्षाची व्हायच्या आतच ‘बांबा’ खायला लागत. शेंगदाण्याचा हा कुरमुरीत खाऊ तोंडात लगेच विरघळतो. लंडनमध्ये त्या वयाच्या बाळांना दाणा माहीतच नव्हता.

एवढ्यावर लॅक थांबले नाहीत, हे फार चांगलं झालं. खूप इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं त्यांनी निवडली. निम्म्यांना नियमित शेंगदाणा, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. २०१५मध्ये निकाल जाहीर झाला: टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्यांपैकी फक्त ३.२ टक्क्यांना. २०१७मध्ये अमेरिकेची मार्गदर्शक तत्त्वं उलट झाली: खूप इसब असलेल्या बाळाची आधी तपासणी करा आणि योग्य असेल तर चौथ्या ते सहाव्या महिन्यातच शेंगदाणा सुरू करा. तोवर ज्यांनी सांगितलं तसं इमानाने केलं, त्या आईबापांचा यात तिळमात्र दोष नाही, हे त्यांना कुणीतरी जवळ बसवून सांगायला हवं होतं.

ज्यांना ॲलर्जी झालीच आहे त्यांचं काय? मराठी घरात हा प्रश्न थेट स्वयंपाकघरात शिरतो. दाण्याचं कूट कोशिंबिरीत, भाजीत, उपवासाच्या साबुदाणा खिचडीत. म्हणजे एका मुलासाठी सगळ्या घराची चव बदलायची. पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख शोधता तरी येतो, सुट्या चिवड्यावर काय वाचणार?

उपचारांची वाट मात्र जुनी आहे. १९०८मध्ये आल्फ्रेड स्कोफील्ड या लंडनच्या डॉक्टरांनी अंडं न सोसणाऱ्या १३ वर्षांच्या मुलाला गोळीतून कच्च्या अंड्याचा दहा हजारावा भाग देऊन सुरुवात केली आणि मात्रा वाढवत नेली. काही महिन्यांत तो अंडं खाऊ लागला. याच तत्त्वावरची शेंगदाण्याची पूड, ‘पालफोर्झिया’, २०२०मध्ये अमेरिकेत ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी मंजूर झाली. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करतात. चुकून पोटात गेलेल्या दाण्याने जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका ती कमी करते, पण तिने दाणे खायची मोकळीक मिळत नाही. पथ्य चालूच राहतं आणि पेनही दप्तरातच राहतं.