कोरड्या मुलखातील दर्यावर्दी

मराठवाड्याचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारले तर चटकन उत्तर देणे कठीण आहे. नांदेडास गोदामाई आहे, विष्णुपुरीचा विस्तीर्ण जलाशय आहे. परंतु लातूरची स्थिती अशी की, 2016 सालच्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणून त्या शहराची तहान भागवावी लागली. अशा मुलखातील गृहस्थास शिडाच्या होड्यांच्या शर्यतीची गोष्ट सांगू लागावे, तर तो ती परक्याची म्हणून ऐकून सोडून देईल. दर्यावर्दी व्हावे ते कोळ्याने आणि खारव्याने, देशावरच्या माणसाने बैल हाकावे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. ती कितपत खरी आहे याची परीक्षा गेल्या वीस वर्षांत पुरती झाली आहे.

वस्तुतः 1956 पर्यंत नांदेड, लातूर हा प्रदेश ज्या हैदराबाद राज्यात मोडत होता, त्या राज्याच्या राजधानीत समुद्र नसूनही शिडे उभारली जातात. हुसेनसागर हा सोळाव्या शतकातील तलाव. त्यावर पावसाळ्यात, जुलैच्या सुमारास, होड्यांच्या शर्यती भरतात. मुंबईचा प्रकार याच्या उलट. तेथील रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा. इंग्रजी अमदानीत तो गोऱ्यांपुरताच होता. तेथे पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढाव्या लागतात आणि शर्यतींचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो. समुद्र थांबतो तेव्हा तलाव चालू असतो, ही मौज ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

क्लबाच्या शर्यतीसाठी नवख्या मंडळींस तयार करावयाचे म्हणजे काय करावयाचे? प्रथम वारा ओळखावयास शिकवावयाचे. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जाऊ शकत नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी न्यावे लागते. प्रत्येक वळणास शीड एका बाजूचे दुसऱ्या बाजूस जाते, आणि त्याच क्षणी माणसांनीही बाजू बदलावयाची असते. एकाने अर्धा पळ उशीर केला की होडीचा वेग मरतो. सुकाण्याने हुकूम द्यावा आणि दोरावरच्या गड्याने तो शब्द पुरा होण्यापूर्वीच ओळखावा, इतके सूत जुळावे लागते. दोन होड्यांची गाठ पडली तर जिला वारा उजव्या बाजूने लागतो तिला वाट द्यावयाची, हा नियम तोंडपाठ नव्हे, अंगवळणी हवा. शर्यतीचा आरंभही विलक्षण असतो. पळण्याच्या शर्यतीत गडी रेषेवर उभा राहतो. होडीस उभे राहता येत नाही. खूण होण्याच्या आधी काही मिनिटे सर्व होड्या रेषेमागे घिरट्या घालीत असतात, आणि जी घाईने आधी ओलांडते तिला परत फिरून यावे लागते. धीर आणि घाई यांचा हा हिशेब पुस्तकातून येत नाही.

आता ज्या गोष्टीकडे वळावयाचे तिची सुरुवातही मुंबईसच आहे. 1960 नंतरच्या काही वर्षांत मुंबईत सागवानाची एक 32 फुटी होडी बांधली गेली. तिचे नाव 'सुहेली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज खलाशाने तीत बसून 14 जून 1968 रोजी फाल्मथ बंदर सोडले आणि 22 एप्रिल 1969 रोजी, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तो परतला. त्या शर्यतीत 9 जण उतरले होते. शेवटास पोचला तो हा एकच. मुंबईच्या सुतारांची कीर्ती अशी जगभर गेली, पण भारतीय माणूस मात्र त्या वाटेने अद्याप गेला नव्हता.

हा सल निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात होता. 1971 च्या युद्धात 'कामोर्ता' या युद्धनौकेचे नेतृत्व करणारे हे गृहस्थ निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीस राहत. म्हणजे समुद्र सोडून देशावरच! त्यांनी कल्पना मांडली आणि 2006 साली नौदलातील पाणबुड्या अधिकारी दिलीप दोंदे पुढे आले. एकट्याने शिडावर जगाची प्रदक्षिणा करून आलेला भारतीय तेव्हा कोणी नव्हताच, शिकावयाचे कोणापाशी? त्यांस नॉक्स-जॉन्स्टनकडेच पाठविण्यात आले. हे वृद्ध गृहस्थ त्या वर्षी, वयाच्या 67व्या वर्षी, पुन्हा एका जागतिक शर्यतीत उतरत होते. दोंदे त्यांच्या होडीच्या तयारीत राबले. शर्यत जिंकणे पाण्यावर घडते, पण तिची अर्धी तयारी धक्क्यावर, दोर आणि कप्प्या तपासण्यात होते, हे तेथे दिसले.

होडी गोव्यात, मांडवीतील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. अशा जातीची होडी त्यांनी पूर्वी केलेली नव्हती. त्यांचे नाव जितके घ्यावयास हवे तितके घेतले जात नाही. 56 फुटांच्या त्या होडीस नदीचेच नाव मिळाले, 'म्हादेई'. 2009 च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली. 19 ऑगस्ट 2009 रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबून 2010 च्या मे महिन्यात परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये त्याच होडीतून तोच प्रवास कोठेही न थांबता केला.

यानंतरचे काम अधिक अवघड होते. दोंदे यांच्या हाती 6 स्त्री-अधिकारी देण्यात आल्या. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. कोणी नौकारचनाकार, कोणी विमानवाहतूक नियंत्रक, कोणी शिक्षण विभागातील. धंदेवाईक शिडकरी एकही नव्हती. प्रतिभा कुलूच्या डोंगरातल्या, ऐश्वर्या हैदराबादच्या, विजया मणिपूरच्या. 'म्हादेई'वर त्यांनी प्रथम दोर, मग शीड, मग सुकाणू हाताळले. पाळीपाळीने रात्र जागविली. मॉरिशस आणि केपटाऊनपर्यंत मजल मारून आल्या. 10 सप्टेंबर 2017 रोजी 'तारिणी' गोव्याहून निघाली. पॅसिफिकमध्ये तिला वादळाने गाठले. परतताना सुकाणूची यंत्रणा बिघडल्यामुळे मॉरिशसला थांबावे लागले. 21 मे 2018 रोजी, 254 दिवसांनी, सहाही जणी सुखरूप गोव्यास पोचल्या.

ज्यांस हे नौदलाचे कौतुक वाटेल त्यांनी नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याकडे पाहावे. तळेगाव रोही हे अवर्षणाचे गाव. तेथील दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खणीत असे. 2012 साली सैन्यात भरती झाल्यावर पुण्यास वल्हे हाती आले, तेव्हा त्यास पाण्याची भीती वाटे. चार वर्षांत तो रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकेरी वल्हविण्यात 13वा आला, आणि 2018 च्या आशियाई खेळांत चौघांच्या होडीतून सुवर्णपदक घेऊन आला.

'तारिणी' पुन्हा निघाली ती 2 ऑक्टोबर 2024 रोजी. या खेपेस होडीवर दोघीच होत्या, दिलना आणि रूपा. आणि त्यांस तयार करणारे होते अभिलाष टॉमी. 29 मे 2025 रोजी त्या गोव्यास परतल्या.