तयार सूपच्या वडीत एवढे मीठ आले कुठून?

ताप आला, तोंडाची चव गेली की घरात सूप केले जाते. ‘हलका आहार’ म्हणून रक्तदाबाचे आणि हृदयाचे रुग्णही ते निर्धास्तपणे पितात. घरी भाज्या किंवा चिकन उकळून काढलेल्या पाण्यात मीठ किती घालायचे, हे आपल्या हातात असते. तयार ब्रॉथ, स्टॉक क्यूब किंवा पाकिटातल्या पुडीत मात्र ते आधीच ठरलेले असते, आणि बरेच असते. याचे कारण त्यांच्या इतिहासात आहे.

महाग अर्क, स्वस्त वडी

१८४७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी मांसाचा घट्ट अर्क काढण्याची पद्धत मांडली. पुढे १८६५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि उरुग्वेतील फ्राय बेंटोस येथे उत्पादन होऊ लागले. पण एक किलो अर्कासाठी सुमारे ३० किलो मांस लागे. गरिबांना तो परवडणे शक्यच नव्हते. शिवाय मांसातील बहुतेक प्रथिने अर्कात उतरतच नाहीत, हेही नंतर स्पष्ट झाले.

स्वित्झर्लंडचे गिरणीमालक युलियुस मागी यांनी स्वस्त मार्ग शोधला. १८८६ च्या सुमारास त्यांनी कडधान्यांच्या पिठाची तयार सूप आणि मांसासारखी चव देणारा वनस्पतिजन्य अर्क बाजारात आणला. अशा अर्कासाठी वनस्पतीतील प्रथिने हायड्रोक्लोरिक आम्लाने तोडतात आणि मग सोडियमयुक्त अल्कली घालून आम्ल शमवतात. शाळेतले रसायनशास्त्र आठवा: या क्रियेतून तयार होते ते आपले नेहमीचे मीठच! १९०८ मध्ये मागींची वडी आली, १९१० मध्ये ब्रिटनमध्ये ऑक्सोची. मीठ स्वस्त, टिकाऊ आणि चव खुलवणारे असल्याने वडीत त्याचाच वाटा मोठा राहिला.

वैद्यकशास्त्राची बाजू

योगायोग असा, की त्याआधी चारच वर्षे, १९०४ मध्ये, आंबार आणि बोजार या फ्रेंच डॉक्टरांनी मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध दाखवला होता. १९४० च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर केम्प्नर यांनी भात आणि फळांच्या जवळजवळ अळणी आहारावर अतिउच्च रक्तदाबाचे रुग्ण ठेवले. अनेकांचा रक्तदाब उतरला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश-सोडियम’ अभ्यासात ४१२ जणांवर सोडियमच्या तीन पातळ्या तपासल्या गेल्या. सोडियम जितके कमी, तितका रक्तदाब कमी, असे त्यात दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, अशी आहे. नेहमीच्या तयार ब्रॉथच्या एका कपात (२४० मिली) सुमारे ८०० मिलिग्रॅम सोडियम असू शकते. म्हणजे एका कपात २ ग्रॅम मीठ!

लेबल कसे वाचाल?

- ‘रिड्यूस्ड सोडियम’: अमेरिकी नियमानुसार नेहमीपेक्षा किमान २५ टक्के कमी. ८०० चे ६०० झाले, तरी ते कमी नव्हे.
- ‘लो सोडियम’: अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये १४० मिलिग्रॅमपर्यंत. भारतात एफएसएसएआयच्या नियमानुसार द्रवपदार्थाच्या १०० मिलीमध्ये १२० मिलिग्रॅमपर्यंत.
- ‘अनसॉल्टेड’: वरून मीठ घातलेले नाही, पण घटकांतले नैसर्गिक सोडियम असतेच. आकडा पाहाच.
- सर्व्हिंग: आकडा अर्ध्या वडीचा आहे की पूर्ण, हे तपासा.
- मोनोसोडियम ग्लुटामेट: यात सोडियम सुमारे १२ टक्के, तर मिठात ३९ टक्के. तरी तेही हिशेबात धरा.

स्वयंपाकात अनसॉल्टेड ब्रॉथ घेतला, तर मीठ शेवटी, चव पाहून घालता येते. लिंबू, मिरी, आले, लसूण घातले की कमी मिठाचे सूपही चवदार लागते. नेहमीचाच ब्रॉथ घरात असेल, तर त्यात निम्मे पाणी घाला आणि वरून मीठ घालू नका.

एक इशारा. काही कमी सोडियमच्या उत्पादनांत मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते. किडनीचा आजार असलेल्यांनी, तसेच रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे घेणाऱ्यांनी ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. रक्तातील पोटॅशियम वाढले, तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात.