केर्बल स्पेस प्रोग्राम: उपग्रह आकाशात एकाच जागी कसा ‘थांबवतात’?

केर्बल स्पेस प्रोग्राम हा गेम खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न पडतो. केर्बिन या ग्रहाचा दिवस सहा तासांचा आहे. मग उपग्रहाला बरोबर सहा तासांत एक फेरी मारायला लावली, तर तो एकाच जागेवर का टिकत नाही? आज अवकाश केंद्राच्या बरोबर डोक्यावर असलेला उपग्रह काही दिवसांनी पाहावा तर पश्चिमेकडे सरकलेला असतो. गेममध्ये कुठलाही बिघाड नसतो. चूक असते ती ‘दिवस’ या शब्दाच्या अर्थात.

हा गेम नेमका काय आहे?

मेक्सिकोतील स्क्वॉड या कंपनीने हा गेम बनवला. त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती जून २०११ मध्ये आली आणि पूर्ण आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये. खेळाडू स्वतः रॉकेट जोडतो, ते केर्बिनवरून उडवतो आणि इतर ग्रह-उपग्रहांवर नेतो. गंमत अशी की गेममधली पात्रे हिरवी आणि विनोदी असली तरी गतीचे नियम बरेचसे खरे आहेत. रॉकेट कुठे जाईल हे न्यूटन आणि केप्लर यांच्या गणितावरच ठरते.

स्थिर कक्षा म्हणजे काय?

ग्रह स्वतःभोवती ज्या वेळात एक गिरकी घेतो, नेमक्या तेवढ्याच वेळात उपग्रहाने ग्रहाभोवती एक फेरी पूर्ण केली, तर खालून पाहणाऱ्याला तो जागचा हलत नाही असे दिसते. प्रत्यक्षात उपग्रह वेगाने धावतच असतो, फक्त खालची जमीनही त्याच्याबरोबर फिरत असते.

यासाठी तीन अटी आहेत. कक्षा गोल हवी, ती विषुववृत्ताच्या वर हवी आणि फेरीचा वेळ ग्रहाच्या गिरकीइतका हवा. कक्षा विषुववृत्ताला तिरकी असेल तर उपग्रह रोज उत्तर-दक्षिण झुलत राहतो.

पृथ्वीवर ही जागा विषुववृत्तापासून सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर आहे. महाराष्ट्रातल्या गच्च्यांवरच्या टीव्हीच्या डिश दक्षिणेकडे तोंड करून असतात त्या याचमुळे. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे आणि प्रक्षेपण करणारे उपग्रह त्याच्यावर आहेत. शिवाय उपग्रह ‘थांबलेला’ असल्याने डिश एकदा बसवली की पुन्हा फिरवावी लागत नाही.

सहा तासांचा घोळ

केर्बिनचा सहा तासांचा दिवस हा सूर्याच्या हिशेबाने मोजलेला दिवस आहे, म्हणजे एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा काळ. पण या वेळात केर्बिन स्वतःच्या सूर्याभोवती थोडा पुढे सरकलेला असतो. त्यामुळे सूर्य पुन्हा डोक्यावर येण्यासाठी ग्रहाला एका पूर्ण गिरकीपेक्षा किंचित जास्त फिरावे लागते. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली खरी गिरकी ५ तास ५९ मिनिटे ९.४ सेकंदांची आहे. फरक जेमतेम ५१ सेकंदांचा.

पृथ्वीचेही तसेच आहे. घड्याळातला दिवस २४ तासांचा, पण गिरकी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची.

५१ सेकंद किरकोळ वाटतात. पण सहा तासांची कक्षा ठेवलेला उपग्रह प्रत्येक फेरीत सुमारे ०.८५ अंश मागे पडतो, म्हणजे जमिनीवर जवळपास ९ किमी पश्चिमेला. केर्बिनच्या एका वर्षात, म्हणजे सुमारे ४२६ दिवसांत, तो ग्रहाला पूर्ण वळसा घालून पुन्हा मूळ जागी येतो. हा योगायोग नाही. वर्षभरात ग्रह सूर्याच्या हिशेबातल्या दिवसांपेक्षा एक गिरकी जास्त घेतो, तीच ही गिरकी.

लक्षात ठेवायचे आकडे

- फेरीचा वेळ: ५ तास ५९ मिनिटे ९.४ सेकंद
- उंची: केर्बिनच्या पृष्ठभागापासून २,८६३.३ किमी
- वेग: सुमारे १,००९.८ मीटर प्रतिसेकंद

केर्बिनची त्रिज्या फक्त ६०० किमी आहे, म्हणून ही उंची पृथ्वीच्या मानाने इतकी कमी आहे.

पायरी १: आधी खालची कक्षा

गेममधले अवकाश केंद्र जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. त्यामुळे रॉकेट सरळ पूर्वेला, म्हणजे ९० अंशांच्या दिशेने नेले की कक्षेचा तिरकेपणा नगण्य राहतो. वर केर्बिनच्या फिरण्यामुळे सुमारे १७५ मीटर प्रतिसेकंद वेग फुकटात मिळतो. वातावरण ७० किमीपर्यंत आहे, म्हणून १०० किमी उंचीची गोल कक्षा सोयीची पडते. इथपर्यंत पोचायला सुमारे ३,४०० मीटर प्रतिसेकंद डेल्टा-व्ही लागतो. डेल्टा-व्ही म्हणजे रॉकेट आपल्या वेगात एकूण किती बदल करू शकते याचे माप.

पायरी २: वर चढणे

१०० किमीच्या कक्षेत यानाचा वेग सुमारे २,२४६ मीटर प्रतिसेकंद असतो. नकाशात मॅन्युव्हर नोड ठेवून, यान ज्या दिशेने जात आहे त्याच दिशेने आणखी सुमारे ६५१ मीटर प्रतिसेकंद वेग द्यायचा. आता कक्षा लांबट होते आणि तिचा सर्वांत दूरचा बिंदू, म्हणजे अ‍ॅपोअ‍ॅप्सिस, २,८६३ किमीवर जातो. या पद्धतीला होमान ट्रान्सफर म्हणतात. जर्मन अभियंता वॉल्टर होमान यांनी ती १९२५ मध्ये मांडली.

उपग्रह ठरावीक जागेच्याच वर हवा असेल तर इंजिन कधी पेटवायचे हे महत्त्वाचे ठरते. वर पोचायला सुमारे १ तास २४ मिनिटे लागतात. तेवढ्यात यान अर्धी फेरी, म्हणजे १८० अंश जाते आणि केर्बिन सुमारे ८४ अंश फिरतो. त्यामुळे हवी असलेली जागा यानाच्या पुढे, पूर्वेला सुमारे ९६ अंशांवर असताना इंजिन पेटवायचे. दोघे एकाच वेळी पोचतात.

पायरी ३: कक्षा गोल करणे

अ‍ॅपोअ‍ॅप्सिसला पोचल्यावर यानाचा वेग ५८६ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास उतरलेला असतो. तिथे पुन्हा पुढच्याच दिशेने सुमारे ४२४ मीटर प्रतिसेकंद वेग द्यायचा. हे केले नाही तर यान परत १०० किमीकडे घसरत येते.

पायरी ४: सेकंदांची जुळवणी

इथे बहुतेक खेळाडू उंचीचा आकडा जुळवत बसतात. खरे तर पाहायला हवा फेरीचा वेळ. एक बाजू दोन किमी वर आणि दुसरी दोन किमी खाली राहिली, पण वेळ अचूक असला, तर उपग्रह किंचित पूर्व-पश्चिम डुलून रोज जागेवर परत येतो. उंची दिसायला ठीक पण वेळ चुकलेला असेल, तर तो हळूहळू निघून जातो आणि परत येत नाही.

केर्बल इंजिनीअरसारखा मॉड फेरीचा वेळ स्पष्ट दाखवतो. शेवटची जुळवणी करताना इंजिनाची ताकद थ्रस्ट लिमिटरने अगदी कमी करावी किंवा आरसीएसचे छोटे झोत वापरावेत. एच बटणाने यान पुढे ढकलले जाते, एन बटणाने मागे. वेळ एका सेकंदाने चुकला तर प्रत्येक फेरीत ०.०१७ अंशाचा फरक पडतो, म्हणजे जमिनीवर २०० मीटरही नाही.

तीन उपग्रहांचे जाळे

एका उपग्रहाला केर्बिनची एकच बाजू दिसते. विषुववृत्ताचा पूर्ण पट्टा व्यापण्यासाठी एकमेकांपासून १२० अंशांवर तीन उपग्रह लागतात. ते एकाच यानातून नेता येतात. त्या यानाची कक्षा वर २,८६३ किमी आणि खाली सुमारे १,२२३ किमी ठेवायची. तिचा फेरीचा वेळ ३ तास ५९ मिनिटे २६ सेकंद, म्हणजे स्थिर कक्षेच्या दोन-तृतीयांश असतो. यान वर आले की एक उपग्रह सोडायचा आणि त्याने सुमारे १७१ मीटर प्रतिसेकंद वेग वाढवून आपली कक्षा गोल करायची. यान पुन्हा वर येईपर्यंत आधीचा उपग्रह दोन-तृतीयांश फेरी गेलेला असतो. तीन फेऱ्यांत तिन्ही आपोआप समान अंतरावर बसतात.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली अँटेनाची. या तीन उपग्रहांमधले अंतर सुमारे ६,००० किमी असते, तर एचजी-५ या छोट्या रिले अँटेनाच्या जोडीचा पल्ला ५,००० किमी. म्हणून आरए-२ किंवा त्याहून मोठी अँटेना घ्यावी. दुसरी चूक बॅटरीची. केर्बिनचा अक्ष कललेला नाही, त्यामुळे स्थिर कक्षेतला उपग्रह प्रत्येक फेरीत सुमारे २० मिनिटे ग्रहाच्या सावलीत जातो. पुरेशी बॅटरी नसेल तर तेवढा वेळ तो मुका होतो.

मुनभोवती हे का जमत नाही?

केर्बिनचा चंद्र मुन स्वतःभोवती फार सावकाश फिरतो, त्याची एकच बाजू कायम केर्बिनकडे असते. त्याची स्थिर कक्षा गणिताने सुमारे २,९७० किमी उंचीवर येते. पण गेममध्ये मुनच्या गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव त्याच्या केंद्रापासून सुमारे २,४३० किमीवरच संपतो. म्हणजे ती कक्षा कागदावर आहे, प्रत्यक्षात नाही.

गेम आणि वास्तव

गेममध्ये यानावर एका वेळी एकाच ग्रहाचे गुरुत्वाकर्षण चालते. त्यामुळे एकदा नीट बसवलेला उपग्रह वर्षानुवर्षे तसाच राहतो. पृथ्वीभोवतीच्या उपग्रहाला मात्र चंद्र, सूर्य आणि पृथ्वीचा पूर्ण गोल नसलेला आकार सतत ओढत असतात. जागेवर राहण्यासाठी त्याला अधूनमधून इंधन जाळावे लागते. बहुतेक वेळा हे इंधन संपत आले की उपग्रहाची कारकीर्द संपते.

तिसरी पायरी चुकली तर काय होते, याचे उदाहरण भारताने अलीकडेच पाहिले. २९ जानेवारी २०२५ रोजी इस्रोच्या जीएसएलव्ही-एफ१५ रॉकेटने एनव्हीएस-०२ हा दिशादर्शन उपग्रह लांबट कक्षेत व्यवस्थित सोडला. तिथून त्याला स्वतःच्या इंजिनाने भूसमकालिक कक्षेत जायचे होते. पण इंजिनाला ऑक्सिडायझर पुरवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि उपग्रह त्या लांबट कक्षेतच राहिला.

गेममध्ये अशा वेळी जुना सेव्ह उघडून पुन्हा प्रयत्न करता येतो. खऱ्या मोहिमेत त्या दुसऱ्या प्रज्वलनाला दुसरी संधी मिळेलच असे नाही.