‘नाही’ म्हणणारा वैमानिक

ह्यूस्टनला येऊन मला अठरा वर्षे झाली. आज्ञावल्या लिहिणे हा माझा व्यवसाय. हेलिकॉप्टरशी संबंध आला तो आडवाटेनेच. काही वर्षांपूर्वी वैमानिकांच्या पाळ्या लावणारी एक संगणक प्रणाली आमच्या गटाकडे आली. इथला नियम ढोबळमानाने असा: एकट्या वैमानिकाने चोवीस तासांत आठ तासांहून अधिक उडू नये, चौदा तासांहून अधिक कामावर राहू नये आणि त्याला सलग दहा तास विश्रांती मिळावी. एका दुपारी मी तो लिहून टाकला. चाचणीसाठी आलेले एक पिकल्या केसांचे वैमानिक पडद्याकडे पाहून म्हणाले, “तास मोजलेत, ठीक. पण धुके पाहून मी ‘नाही’ म्हटले, तर ते कुठे नोंदवायचे?” मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना हाती लागलेला इतिहास वाचकांपुढे ठेवतो.

मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींवर माणसे पोचवण्यासाठी लुइझियानात 1949 साली ‘पेट्रोलियम हेलिकॉप्टर्स’ ही कंपनी निघाली. पुढे व्हिएतनामच्या युद्धाने हजारो हेलिकॉप्टर वैमानिक तयार केले. युद्ध संपल्यावर ते घरी परतले, कामे मात्र मोजकी. एकाने कुरकुर केली तर दारात दुसरा उभा! पगार दबलेले राहिले. दोन आठवडे तळावर, दोन आठवडे घरी, असा त्यांचा संसार.

या कंपनीच्या वैमानिकांनी 2000 च्या सुमारास संघटना केली, तीही कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली. अमेरिकेत विमानवाहतुकीला 1926 चा रेल्वे कामगार कायदा लागू होतो; 1936 साली तो विस्तारण्यात आला. त्यानुसार मध्यस्थी फसल्यावर मंडळाने मोकळीक द्यायची, मग तीस दिवस थांबायचे आणि त्यानंतरच संप. हे सारे सोपस्कार होऊन सप्टेंबर 2006 मध्ये संप झाला. नोव्हेंबरमध्ये करार न होताच वैमानिकांनी कामावर परतण्याची तयारी दाखवली. पुढचे भांडण न्यायालयात गेले.

उत्तर समुद्राची कथा याआधीची. 1977 साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनला ब्रिस्टो कंपनीचे वैमानिक संपावर गेले. ठिणगी पडली ती परदेशी बदली नाकारणाऱ्या एका वैमानिकाच्या बडतर्फीवरून. संपकऱ्यांनाही काढून टाकण्यात आले आणि प्रकरण इतके पेटले की सरकारला चौकशी नेमावी लागली. शेजारच्या नॉर्वेने निराळी वाट धरली. तिथे सुरक्षिततेच्या चर्चेत तेलकंपन्या, हेलिकॉप्टर कंपन्या व सरकारी यंत्रणा यांच्याबरोबर कामगार संघटनाही एका टेबलाशी बसतात. अपघात तिथेही टळले नाहीत. एप्रिल 2016 मध्ये तुरोय बेटाजवळ तेरा जण गेले. पण वैमानिकाचे म्हणणे ऐकण्याची जागा तिथे ठरलेली आहे.

आपल्यापैकी अनेकांनी जुहूच्या आकाशात घरघर ऐकली असेल. 1974 साली बॉम्बे हायला तेल लागले, 1985 साली पवन हंसची स्थापना झाली आणि जुहूहून समुद्राकडे फेऱ्या सुरू झाल्या. जानेवारी 2018 मध्ये यातलेच एक हेलिकॉप्टर कोसळून सातही जण दगावले. जून 2022 मध्ये समुद्रात उतरावे लागलेल्या दुसऱ्यातील नऊपैकी चार. या दोन अपघातांचा संबंध मी पाळ्यांशी जोडत नाही. सांगायचे एवढेच, की हा प्रश्न आपल्या घरापासूनही दूर नाही.

हवाई रुग्णवाहिकांत मला एक सुंदर प्रथा आढळली. रुग्ण मूल आहे की म्हातारा, किती गंभीर आहे, हे वैमानिकाला अनेक ठिकाणी मुद्दाम सांगत नाहीत. दयेपोटी त्याने वादळात झेप घेऊ नये, म्हणून! निर्णय फक्त हवामान पाहून व्हावा. शिवाय चमूतील एकानेही ‘नाही’ म्हटले की उड्डाण रद्द.

हे वाचून मी प्रणालीत ‘उड्डाण नाकारले’ असा रकाना घातला, कारण विचारले नाही. ग्राहकाला तो आवडला. फक्त कोणी किती वेळा नाकारले याची यादी दरमहा व्यवस्थापकाला हवी होती. मी हरकत घेतली. शेवटी यादी गेली आणि रकानाही गेला.

त्या वैमानिकांना मी हे कळवले. ते हसले आणि म्हणाले, “म्हणूनच तर आम्हाला ते करारात लिहून हवे होते.”