नाडकर्णी, रमेशचंद्र गंगाराम (बापू)

(४ एप्रिल १९३३–१७ जानेवारी २०२०). भारतीय क्रिकेटपटू, निवडसमिती सदस्य आणि संघव्यवस्थापक. जन्म नाशिकचा. आधी महाराष्ट्र, पुढे मुंबईकडून रणजी सामने. १९५५ ते १९६८ या काळात ४१ कसोटींत १,४१४ धावा आणि ८८ बळी.

डावखुऱ्या फिरकीतली त्यांची अचूकता केवळ अजोड! सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून ते त्यावरच चेंडू टाकीत. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. ओळीने १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. त्या डावात ३२ षटकांत ५ धावा दिल्या, मात्र बळी एकही मिळाला नाही. त्याच मालिकेत कानपूरला नाबाद १२२ धावा करून त्यांनी सामना वाचवला. या फलंदाजीची आठवण फारशी काढली जात नाही, हा अन्यायच होय.

१९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते साहाय्यक व्यवस्थापक होते. मेलबर्नला पायचीत दिल्याने संतापलेले सुनील गावस्कर जोडीदार चेतन चौहान यांनाही मैदानाबाहेर घेऊन निघाले, तेव्हा व्यवस्थापक शाहिद दुराणी आणि नाडकर्णी यांनी सीमारेषेवरूनच चौहान यांना परत पाठवले. भारताने तो सामना ५९ धावांनी जिंकून मालिका बरोबरीत सोडवली.